कोपरे जुळायला हवेत तर इस्त्री फिरवू नका

तुकड्यांची गोधडी मशीनवर शिवायला घेतली की चार-पाच ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले मोठे चौकोन, झाल्यावर बहुतेकींची तक्रार एकच असते. मापं नीट कापली, माया, म्हणजे टाक्याबाहेर सोडलेली कापडाची पट्टी, बरोबर पाव इंचच धरली, तरी ब्लॉक लहान-मोठे कसे होतात? मग सुई बदलली जाते, मशीनवाल्याला फोन जातो, नवी पट्टी घेतली जाते. गडबड बहुतेक वेळा मशीनवर नसतेच, ती इस्त्रीच्या टेबलावर झालेली असते.

हिशेब करून बघा. साडेतीन इंचाचे नऊ चौकोन तीन-तीनच्या रांगांत जोडले की ब्लॉक साडेनऊ इंचाचा यायला हवा. पण शिवण पूर्ण उघडली नाही आणि टाक्याच्या कडेला कापडाची बारीक घडी दबून राहिली, तर दर शिवणीमागे अर्धं सूत, म्हणजे एक सोळांश इंच, सहज जातं. एका ब्लॉकमध्ये ते डोळ्यांना दिसतही नाही. असे सहा ब्लॉक आडवे जोडले की १८ तुकडे आणि १७ शिवणी होतात, आणि एक इंचाहून जास्त कापड गडप झालेलं असतं. शेजारच्या रांगेत मात्र ते तेवढंच गेलेलं नसतं. तिथून पुढे कोपरे ओढून-ताणून जुळवणं सुरू होतं.

आजीच्या हातशिलाईच्या गोधडीला हा त्रास नव्हता. तिथे तुकड्याची कड बोटाने दुमडत थरांवर धावदोरा घातला जायचा आणि थोडं कमी-जास्त असेल ते टाक्यातच जिरून जायचं. मशीनवर तुकडे आधी जोडून मग थर लावायचे तर त्या पद्धतीत इस्त्री हे शिवणकामच आहे, शेवटी करायची सजावट नाही.

शर्टाची इस्त्री आणि शिवणीची इस्त्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शर्टावर आपण इस्त्री मागे-पुढे फिरवतो, जोर लावून सुरकुती ढकलतो. शिवणीवर असं केलं की कापड ताणलं जातं आणि चौकोनाचा पतंग होतो. शिवणीवर इस्त्री ठेवायची, दोन-तीन सेकंद थांबायचं, उचलायची, पुढच्या जागेवर ठेवायची. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या एका सवयीवर उभं आहे.

आधी कापड ओळखा

आपल्याकडे गोधडीला लागणारं कापड एका ठाणातून क्वचितच येतं. शिंप्याकडच्या चिंध्या, ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारातले कटपीस, उल्हासनगरहून कोणीतरी किलोवर आणलेला गठ्ठा, आईच्या दोन साड्या, खणाचे उरलेले तुकडे असं सगळं एका पिशवीत असतं. त्यातलं सुती कुठलं, मिक्स कुठलं, हे हाताला लागतं असं आपल्याला वाटतं, पण हल्लीचं पॉलिस्टर हाताला फसवतं. खण तर विशेष बघून घ्यावा. सुती दिसणाऱ्या खणात बऱ्याचदा कृत्रिम धागा असतो.

ओळखायची खात्रीची रीत जुनीच आहे. तुकड्याच्या कडेचे चार-पाच धागे ओढा, चिमट्यात धरा, खाली स्टीलच्या ताटलीत पाणी ठेवा आणि काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिस्टर आधी आकसतं, वितळतं आणि गार झाल्यावर टणक मणी उरतो. दोन्ही झालं, थोडी राख आणि थोडी गुठळी, म्हणजे मिक्स. उभे आणि आडवे धागे वेगवेगळे तपासा, कारण ताण्यात कापूस आणि बाण्यात पॉलिस्टर असलेलं कापड सर्रास मिळतं. हे काम ओट्यावर, पदर किंवा ओढणी खोचून करायचं.

इस्त्रीवरच्या ठिपक्यांचा अर्थ ठरलेला आहे: एक ठिपका साधारण ११० अंश सेल्सिअस, दोन ठिपके १५०, तीन ठिपके २००. सुती कापडाला तीन ठिपके चालतात. पॉलिस्टर आणि मिक्सला दोनच्या वर जाऊ नका. एका ब्लॉकमध्ये सुती आणि मिक्स शेजारी-शेजारी असतील तर इस्त्री मिक्सच्या मापाने ठेवायची आणि सुती भागावर थोडा वेळ जास्त थांबायचं. जरीच्या काठाला थेट इस्त्री लावूच नका. आजच्या बहुतेक जरीत प्लॅस्टिकची चकाकी असते, ती क्षणात आखडते. वर धोतराचा किंवा मलमलचा पातळ तुकडा घाला आणि उलट बाजूने दाबा. दोऱ्याचंही तेच: सुती दोरा आणि चांगला पॉलिस्टर दोरा शिवणीच्या इस्त्रीला टिकतो, पण तो मासे पकडायच्या दोरीसारखा पारदर्शक नायलॉन दोरा गरम इस्त्रीखाली वितळतो आणि नंतर शिवण बसल्या जागी उसवते.

नवीन सुती कापड आधी धुऊन घ्यावं. लाल आणि निळ्या रंगांना तर पांढऱ्या रुमालावर ओलं करून घासून बघावंच. वाफेखाली लाल रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरला की त्यावर इलाज नसतो.

टेबल: घोंगडी बाहेर काढा

बाजारात इस्त्रीचं जे घडीचं टेबल मिळतं त्यावर फोम असतो. शर्टाला तो बरा, शिवणीला नाही. मऊ पृष्ठभागावर शिवण खाली रुतते, शेजारचं कापड वर फुगतं आणि नेमकी तीच घडी तयार होते जिच्यापायी अर्धं सूत जातं. गादीवर, सोफ्यावर इस्त्री करणं तर सोडूनच द्या.

घरच्या घरी उत्तम पृष्ठभाग असा होतो: साधारण दोन फूट बाय दीड फुटाची प्लायची फळी घ्या, सनमायका नसलेली. तिच्यावर जुन्या घोंगडीचे दोन पदर घाला, वर पांढरं सुती कापड ताणून मागे खिळ्यांनी किंवा स्टेपलरने पक्कं करा. परदेशात गोधडीवाले लोकरीची जाड चटई विकत घेतात, ती हजारो रुपयांना पडते. घोंगडी तेच काम करते. लोकर उष्णता धरून ठेवते आणि खालून परत देते, त्यामुळे शिवण दोन्ही बाजूंनी दाबली जाते. घोंगडी टोचते आणि तिचे केस सुटतात, म्हणून वरचं कापड हवंच, आणि ते पांढरं हवं, कारण रंगीत कापडाचा रंग वाफेत वर चढतो. घोंगडी नसेल तर सोलापुरी चादरीच्या चार घड्याही चालतील, फक्त त्या कडक आणि सपाट बसलेल्या हव्यात.

गोल कटर वापरणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. हिरवी कटिंग मॅट इस्त्रीजवळही नेऊ नका. जागा कमी असते, कापायचं आणि दाबायचं एकाच टेबलावर चालतं, आणि गरम ब्लॉक किंवा इस्त्री मॅटवर टेकली की ती कायमची वाकडी होते. ती सरळ करता येत नाही.

इस्त्री आणि तिची वायर

साधी १००० वॅटची ड्राय इस्त्री या कामाला पुरते. वजनदार असेल तर उत्तम, कारण वजनच काम करतं आणि आपल्याला जोर लावावा लागत नाही. वाफेची इस्त्री घेणार असाल तर आधी घरातला प्लग बघा. २००० वॅटची इस्त्री जवळजवळ नऊ अँपिअर ओढते, तिला १६ अँपिअरचा मोठा प्लग लागतो. प्लगचे पाय कापून किंवा ॲडॉप्टर लावून ती सहा अँपिअरच्या एक्स्टेंशनला जोडली, त्याच बोर्डावर मशीन आणि पंखा, तर बोर्डाचं प्लॅस्टिक पिवळं पडायला लागतं. हात लावून बघा, प्लग गरम लागत असेल तर तिथेच थांबायचं.

वायर टेबलाच्या मागच्या बाजूने जाऊ द्या, पुढून लोंबकळत नको. घरात रांगणारं मूल किंवा मांजर असेल तर हे सांगायलाही नको. दिवे गेले की प्लग काढायचा. अंधारात आपण मेणबत्ती शोधतो, खाली जाऊन विचारून येतो, आणि अर्ध्या तासाने दिवे येतात तेव्हा इस्त्री आपली आपण तापत असते, कदाचित कापडावर आडवी. ओल्या हाताने बटण नाही, पायात रबरी चप्पल, हे शिवणवर्गात पहिल्या दिवशी सांगतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे विसरतात.

चटका बसलाच तर अंगठी-बांगडी लगेच काढा आणि भाजलेली जागा नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. हळद, टूथपेस्ट, तूप, बर्फ यांतलं काहीही नाही. फोड मोठा असेल किंवा बोटाच्या सांध्यावर असेल तर डॉक्टरांना दाखवा.

इस्त्रीचा तळ काळा झाला असेल तर ती गार असताना खाण्याच्या सोड्याची पेस्ट ओल्या फडक्याने लावून पुसा. गरम तळावर तापाची गोळी घासायचा उपाय घरोघरी चालतो. त्याने डाग निघतो हे खरं, पण तो धूर नाकात घेऊन गोधडी शिवावी असं मला वाटत नाही.

आता प्रत्यक्ष शिवण

दोन तुकडे जोडले, मशीनवरून काढले. लगेच उघडू नका. आधी ते जसे शिवले तसेच, बंद, टेबलावर ठेवा आणि टाक्यांवर इस्त्री दोन-तीन सेकंद टेकवा. याने दोरा कापडात बसतो आणि टाक्यांनी ओढलेली बारीक चुणी सपाट होते. ही पायरी सगळ्यांत जास्त वेळा गाळली जाते आणि फरक सगळ्यांत जास्त हिच्यानेच पडतो. विश्वास बसत नसेल तर एक शिवण बसवून आणि एक न बसवता उघडा, दोन्हींवर नख फिरवा. न बसवलेल्या शिवणीवर नखाला बारीक उंचवटे लागतील.

उघडायची तयारी अशी करायची. गडद तुकडा वर, फिका खाली, शिवण आपल्यापासून लांबच्या बाजूला. आता वरचा गडद तुकडा उचलून शिवणीपलीकडे उलटा. माया आपोआप गडद कापडाखाली गेलेली असते. ती फिक्याखाली राहिली तर गोधडीच्या सुलट बाजूने काळी रेघ दिसते, म्हणून हा दिशेचा नियम.

उलटल्यावर लगेच इस्त्री उचलू नका. आधी तर्जनीचं नख किंवा बटाट्याच्या सालीच्या सुरीची बोथट पाठ शिवणीच्या रेषेवरून एकदा ओढा. कापड आपली जागा धरतं. मग इस्त्रीच्या टोकाजवळची कड, पूर्ण तळ नाही, फिक्या भागाकडून शिवणीवर हलकेच आणा आणि टेकवा. उचला. दोन इंच पुढे टेकवा. शिवणीच्या लांबीच्या दिशेने ढकलायचं नाही, ओढायचं तर मुळीच नाही. मोकळा हात कापड ताणून धरायला पुढे येतो, त्याला आवरा. तो हात वाफेत भाजतो आणि कापडही ताणतो, दुहेरी नुकसान.

शेवटी उलट बाजू बघा. माया एका बाजूला सपाट, कुठेही पिळलेली नाही, आणि सुलट बाजूने टाक्याचा दोरा अगदी पुसट दिसतोय, म्हणजे काम झालं. टाके अजिबात दिसत नसतील आणि शिवणीवर कापडाचा काठ चढलेला असेल, तर तीच ती चोरघडी. पुन्हा बंद करा, दाबा, पुन्हा उघडा. इस्त्री तिच्यावर चढवून ती जात नाही, आणखी पक्की होते.

आणि मग थांबा. उष्णता आणि ओलावा मिळाला की कापसाच्या तंतूंमधले बंध सैल होतात, गार आणि कोरडं होताना ते नव्या आकारात पक्के होतात. गरम ब्लॉक उचलून लोंबता धरला तर तो लोंबतानाच्या आकारात पक्का होणार. गार होईपर्यंत टेबलावर सपाट राहू द्या. वर सागवानाचा किंवा शिसवीचा पॉलिश न केलेला ठोकळा ठेवला तर शिवण कागदासारखी बसते. लाकूड वाफ शोषतं आणि उष्णता आत कोंडून ठेवतं. सुताराच्या दुकानात असा सहा-सात इंचाचा तुकडा उरलेल्या ढिगात मिळतो. कडा पॉलिश पेपरने घासून घ्या. वार्निशवाला नको, ते कापडाला चिकटतं.

समोरच्या बिल्डिंगमधली मुलगी हे सगळं बघून म्हणाली, "काकू, एका शिवणीला एवढा वेळ दिला तर गोधडी कधी व्हायची?" शिवणी एकेक करून दाबायच्या नसतातच. मशीनवर दहा-बारा जोड्या दोरा न तोडता एकामागून एक शिवा, सगळ्या बंद असताना ओळीने दाबा, मग एकेक उघडत जा. तोवर पहिल्या गार झालेल्या असतात.

कुठल्या दिशेला पाडायची

गडद बाजूला हा नियम एका शिवणीपुरता. रांगा जोडायच्या तेव्हा दुसरा नियम पहिल्याच्या वरचढ ठरतो. पहिल्या रांगेतल्या सगळ्या माया उजवीकडे पाडा, दुसरीतल्या डावीकडे, तिसरीतल्या पुन्हा उजवीकडे. आता दोन रांगा सुलट बाजू समोरासमोर ठेवल्या की जिथे शिवण शिवणीवर येते तिथे दोन माया विरुद्ध दिशांना असतात आणि एकमेकींना टेकून अडतात. अंगठा आणि तर्जनीत तो जोड धरून दोन्ही कापडं थोडी सरकवून बघा. जुळत नसेल तोवर बोटाखाली एक पायरी लागते. जुळलं की पायरी नाहीशी होते आणि कापड पुढे सरकायचं थांबतं. तिथे टाचणी. हे एकदा बोटाला कळलं की डोळ्याने बघायची गरज उरत नाही. याच कारणाने मी ब्लॉक शिवायच्या आधी कागदावर चौकोन काढून प्रत्येक शिवणीला बाण करून ठेवते. शिवताना विचार करत बसलं की हमखास दोन शेजारच्या रांगा एकाच दिशेला जातात.

रांगा जोडल्यावर मधल्या चौकात चार कापडांच्या माया एकत्र येतात आणि गाठ होते. तिथे आडव्या शिवणीच्या मायेतले, म्हणजे शिवणीच्या बाहेरचे, उभ्या शिवणीचे दोन-तीन टाके उसवा आणि चारही माया गोल दिशेने, एकीमागून एक, पाडा. उलट बाजूला चिमुकला चार चौकोनांचा ब्लॉक दिसायला लागतो आणि गाठ जाते. फक्त मायेतले टाके उसवायचे, शिवणीच्या रेषेतले नाहीत.

माया दोन्ही बाजूंना फाकवून दाबायची की एका बाजूला, यावर गोधडीवाल्यांत वाद होतच असतात. माझं मत असं: रोज अंथरायच्या, धुवायच्या गोधडीला एका बाजूला. शिवणीवर ताण आला तरी दोन थर टाक्याला आधार देतात आणि आतला कापूस शिवणीतून डोकावत नाही. आठ टोकांची चांदणी असेल, एका बिंदूत आठ कापडं येत असतील, तर फाकवा, नाहीतर तिथे बटणाएवढा फुगवटा राहतो आणि पुढे त्यावर सुई मोडते. फाकवायची असेल तेव्हा टाका बारीक ठेवा. मशीनवर नेहमी अडीच मिलिमीटर असतो, तो दोनवर आणा. आणि फाकवताना शिवणीखाली लाटणं घ्या, सुती कापडात घट्ट गुंडाळलेलं. शिवण लाटण्याच्या माथ्यावर येते, मायेच्या कडा दोन्ही उतारांवर राहतात आणि सुलट बाजूवर त्यांचे वळ उमटत नाहीत.

त्रिकोण म्हणजे उरेब, उरेब म्हणजे सावध

चौकोनाच्या चारही कडा उभ्या-आडव्या धाग्यावर असतात, त्या फारशा ताणल्या जात नाहीत. चौकोन कर्णावर कापला की ती लांब कड उरेबात, म्हणजे धाग्यांना तिरपी, येते आणि उरेब हातात धरलं तरी लांबतं. ब्लाउजच्या गळ्याला आपण उरेब पट्टी लावतो ती याच गुणासाठी. गोधडीत मात्र तोच गुण घात करतो.

इथे दोन उपाय एकत्र करावेत. पहिला, त्रिकोण कापून जोडूच नका. दोन चौकोन समोरासमोर ठेवा, एकावर कर्ण आखा, कर्णाच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर शिवा आणि मग कर्णावर कापा. दोन तयार चौकोन मिळतात आणि उरेब शिवणीत आधीच बांधलेली असते. चौकोन हव्या त्या तयार मापापेक्षा एक इंच मोठे घ्या, म्हणजे दाबून झाल्यावर पट्टीने नेमकं कापून घेता येतं. आधी दाबायचं, मग कापायचं, हा क्रम उलटा करू नका. उघडताना इस्त्री कर्णाच्या दिशेने न नेता शिवणीला काटकोनात टेकवा.

दुसरा उपाय खळ. कापायच्या आधी, नंतर नाही. दोन कप पाण्यात एक चमचा कॉर्नफ्लॉवर गार असतानाच कालवा, मग सतत ढवळत उकळा, पाणी पारदर्शक झालं की उतरवा, गार करून फडक्यातून गाळा आणि स्प्रेच्या बाटलीत भरा. उलट बाजूने फवारा, कापड ओलसर झालं की दोन मिनिटं मुरू द्या आणि मग इस्त्री. ओल्या खळीवर लगेच इस्त्री लावली तर तळाला पांढरी पापडी चिकटते आणि ती पुढच्या फिक्या कापडावर तपकिरी होऊन उतरते. बाटली फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. साबुदाण्याची खळही चालते, भाताची पेज मला आवडत नाही, ती नीट गाळली जात नाही.

खळ दिलेलं कापड कपाटात ठेवून देऊ नका, पावसाळ्यात तर नाहीच. पिठावर कसर आणि झुरळं येतात आणि ओलाव्याने बुरशी धरते. गोधडी पूर्ण झाली की एकदा धुवून खळ काढायची.

वाफ, पाऊस आणि टँकरचं पाणी

वाफ लागतेच असं नाही. जून ते सप्टेंबर ठाण्यात आणि खाडीपलीकडे वाशी-ऐरोलीकडे सुती कापड असंही कोरडं नसतं. कापूस हवेतला ओलावा ओढून घेतो, त्यामुळे साध्या इस्त्रीखालीही त्यातून वाफ निघते. या दिवसांत कापायच्या आधी कापड एकदा इस्त्रीने नीट सुकवून घ्या. दमट कापड साडेतीन इंच कापलं आणि मग दाबलं तर तो चौकोन थोडा आत येतो. त्याच कारणाने घोंगडीची फळी काम झाल्यावर पंख्याखाली उभी करून ठेवा, नाहीतर तिला ओल्या लोकरीचा वास धरतो.

मार्च-एप्रिलमध्ये कोरड्या दुपारी जाड शिवण हट्टाने उभी राहते, तेव्हा वाफ कामाची. फक्त ब्लॉक पूर्ण झाल्यावर, चौकोनी शिवणींवर, आणि उरेब कडेपासून लांब. इस्त्री पूर्ण तापायच्या आधी वाफेचं बटण दाबलं तर छिद्रांतून पाणी गळतं आणि डाग पडतो.

पाणी कुठलं आहे हेही बघा. नवी मुंबईत मोरबे धरणाचं नळाचं पाणी येतं, ते या कामाला त्रास देत नाही. ठाण्यात घोडबंदर पट्ट्यातल्या बऱ्याच सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळलेलं असतं. बोअरचं जड पाणी इस्त्रीत क्षार साठवतं आणि एक दिवस पांढऱ्या ब्लॉकवर तपकिरी पिचकारी उडते. कुठलं पाणी घालायचं ते इस्त्रीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, ते एकदा वाचा. नाहीतर इस्त्री कोरडी वापरा आणि ओलावा स्प्रे बाटलीने द्या.

खुणांचं काय

हा भाग छोटा आहे, पण नुकसान मोठं करतो. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाच्या खुणांवर इस्त्री लावली तर त्या पक्क्या होऊ शकतात, मग पाण्यानेही जात नाहीत. आधी पाण्याने काढा, सुकवा, मग इस्त्री. उलट फ्रिक्शन पेनाची शाई ६० अंशांच्या वर गेली की नाहीशी होते, इस्त्री लावताच रेघ गायब. पण ती गेलेली नसते, उणे १० अंशांच्या आसपास परत उमटते. ठाण्यात ते होणार नाही, पण नातवासाठी शिवलेली गोधडी टोरांटोला जाणार असेल तर सुलट बाजूवर हा पेन नको. मेणाचा खडू फिक्या कापडावर वितळून तेलकट डाग सोडतो. पांढरा साधा खडू आणि बोथट पेन्सिल यांनी कोणाचं वाईट झालेलं मी पाहिलेलं नाही. टाचण्या प्लॅस्टिकच्या डोक्याच्या असतील तर इस्त्रीआधी काढा.

पूर्ण पदर झाल्यावर

सगळ्या रांगा जोडून गोधडीचा वरचा पदर तयार झाला की अस्तर आणि आतला थर लावण्याआधी एकदाच, शेवटची इस्त्री. आधी उलट बाजूने: माया कुठे पिळलेल्या आहेत का बघा, लोंबते दोरे कापा, विशेषतः फिक्या कापडामागचे गडद दोरे. मग सुलट बाजूने, मध्यापासून कडांकडे, टेकवत-उचलत. पदर टेबलावरून खाली लोंबला तर त्याचं वजनच कडा ताणतं. शेजारी दोन खुर्च्या लावून त्यांवर आधार द्या, किंवा जमिनीवर चादर अंथरून करा.

हे काम खालच्या इस्त्रीवाल्याकडे देऊ नये. त्याची कोळशाची इस्त्री चार-पाच किलोची असते आणि तो कष्टाने, मनापासून, रेटून फिरवतो. शर्टाला तेच हवं असतं. गोधडीचा पदर त्याखालून लहरी कडा घेऊन परत येतो, आणि कोळशाची ठिणगी उडाली तर बारीक भोकं बोनस.

आत फायबरचा थर घातल्यावर तर गरम इस्त्री लावायचीच नाही. पॉलिस्टरचा थर उष्णतेने चपटा होतो आणि परत फुगत नाही. म्हणून जे काही सरळ करायचं ते थर लावायच्या आधी. लगेच टाके घालायला बसणार नसाल तर पदराची घडी घालू नका, साडीच्या दुकानातून पुठ्ठ्याची नळी आणून तिच्यावर सुलट बाजू बाहेर ठेवून गुंडाळा.

कापड करपलंच तर

सुती कापडावर हलका पिवळा डाग असेल तर तो बरेचदा निघतो. औषधाच्या दुकानातलं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड पांढऱ्या फडक्यावर घेऊन डागावर टिपा, थोडा वेळ राहू द्या, साध्या पाण्याने धुवा. आधी मायेच्या कोपऱ्यावर रंग जातो का ते तपासा, कारण ते रंगही उडवतं. गडद कापडावर चकाकी आली असेल तर ओलं मलमल वर घालून इस्त्री फक्त टेकवा, मग कापड गरम असताना तळव्याने थोपटा, बरीचशी उतरते. डाग तपकिरी झाला असेल तर तंतूच जळलेला आहे, तो धुण्यात फाटणार. त्या तुकड्याच्या चारही शिवणी उसवा आणि नवा तुकडा घाला. उसवताना दर तिसरा-चौथा टाका एका बाजूने तोडत जा आणि मग दुसऱ्या बाजूचा दोरा सरळ ओढून काढा, म्हणजे शेजारचे तुकडे ताणले जात नाहीत. नवा तुकडा कापायच्या आधी त्यालाही खळ द्या, कारण आजूबाजूचे तुकडे खळीने कडक झालेले असतात आणि तो एकटाच मऊ राहिला तर शिवताना तोच सरकतो.